पाठीला पाठ

उकुरने पुस्तिकेचं ते पान उघडून चटईच्या मधोमध ठेवलं. सगळ्यांनी फोटो पाहिला, आणि मग कोणीच कोणाकडे पाहिना.

फोटोत त्याचे वडील तेरकेलिन आणि समोर रेहुलिना. मध्ये पट. दोघांची डोकी इतकी वाकलेली, की टाळूला टाळू लागेल. खाली उकुरनेच लिहिलेलं वाक्य होतं : 'आमच्या काबनजाहेत बुद्धिबळ शिकवत नाहीत, ते घरात वाढतं.' छापून आलं तेव्हा या वाक्यावर स्वारी भलतीच खूश होती.

"हा फोटो कधीचा?" सेटियामामांनी विचारलं.

"गेल्या वर्षीचा. संत्री उतरवत होतो तेव्हाचा."

"म्हणजे तेव्हा ती नुसती माझी मुलगी होती."

"हो, मामा."

"आता ती तुझ्या बापाची सून आहे."

"हो, मामा."

"आणि हे बुद्धिबळ स्पर्धेच्या यजमानपद समितीच्या सचिवाला, म्हणजे तुला, आज दुपारी आठवलं."

जानेवारीत उकुरच्या धाकट्या भावाचं, बास्तांताचं, लग्न झालं तेव्हा पानाचं तबक घेऊन मामांच्या दारात तोच पुढे होता. मांडवात नाचलाही तोच सगळ्यात जास्त. मामाची मुलगी घरात आली, घरचंच सोनं घरात राहिलं, म्हणून छाती फुगवून फिरत होता. आणि तिकडे छापखान्यात हा फोटो तसाच पुढे गेला. बाहेरच्या माणसाला यात चूक दिसणारही नाही. पण आमच्याकडे लग्न लागलं त्या घटकेपासून सासरा आणि सून समोरासमोर बसत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत, हातातली वस्तू हातात देत नाहीत. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"स्पर्धेची जागा ठरवायला येणाऱ्या त्या पाहुण्यांना दुसरं काहीतरी दाखव," मामा म्हणाले. "सरोवर दाखव. मासा खायला घाल."

"मामा, त्यांनी सकाळीच निरोप पाठवलाय. किनाऱ्यावरचं ते मोठं शहर बघून झालंय त्यांचं. पंचतारांकित हॉटेलं, समुद्र, सगळं. म्हणतात, हॉटेलं सगळीकडे सारखीच. तुमच्या पुस्तिकेतली ती गुरू-शिष्येची जोडी उद्या सकाळी खेळताना बघायचीय, बाकी काही नको." उकुरचा आवाज चढला. "आपल्याकडे दाखवायला दुसरं आहे काय? ज्वालामुखी फुटल्यापासून हे गाव राख खातंय. बातमीत नाव येतं ते राखेसाठी. एकदा, एकदाच जगाने या गावाचं नाव दुसऱ्या कशासाठी घ्यावं, एवढंच म्हणतोय मी! बास्तांता त्यांना आणायला मेदानच्या विमानतळावर पोचलाही असेल."

"घ्यावं की नाव. पण सासरा-सून समोरासमोर बसवून? माझ्या मुलीकडे बोट दाखवतील लोक. मी तिला त्यासाठी दिली नाही."

मामा बोलले की विषय संपतो. बायको देणारं घर म्हणजे आमच्याकडे डोळ्यांना दिसणारा देव. वरच्या देवाचं एक वेळ ऐकणार नाही, पण मामाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. उकुरने आशेने दाराकडे पाहिलं.

दारात जावई मूसा उभा होता, हाताला हळद आणि माशाचे खवले. जावयाने सासरवाडीला दोन कामं करायची, स्वयंपाकाला राबायचं आणि बैठकीत घरच्यांच्या वतीने बोलायचं. मूसाला पहिलं छान जमायचं. दुसऱ्यात त्याची पंचाईत व्हायची, कारण सासूशी तो बोलू शकत नाही, मेव्हण्याच्या बायकोशीही नाही, म्हणजे या खोलीतल्या दोन्ही बायका गेल्या.

"दाजी, तुम्ही तरी मांडा ना," उकुर म्हणाला.

मूसा खाकरला. "आमच्या घरचं म्हणणं असं, की..." आणि पुढचं त्याला सुचेना.

"अरे खांबा," सासूबाई मलेम मधल्या खांबाकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या त्या मूसाला सांग, मासा करपतोय."

"खांबा," मूसा नम्रपणे म्हणाला, "आईंना सांग, आच कमी करूनच आलोय."

सेटियामामा हसले. भिंतीला टेकून बसलेले तेरकेलिन मात्र हसले नाहीत. ते पुस्तिकेतल्या फोटोकडे बघत होते.

मलेम सुपारी कातरत बसल्या होत्या. बुद्धिबळ या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा. अख्खा जन्म त्यांनी कोबी लावला, संत्री उतरवली, बाजारात पाट्या वाहिल्या, आणि नवरा कॉफीच्या दुकानात लाकडाचे घोडे नाचवत बसला. लोक येऊन सांगायचे, तेरकेलिनने आज मेदानच्या वकिलाला हरवलं. "त्या वकिलाला म्हणावं, कोबी उपटायला ये," मलेम म्हणायच्या. भावाची मुलगी फ्रॉक घालून यायची आणि आतोबांसमोर बसायची तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला होता. आणखी एक माणूस वाया गेलं!

पण जानेवारीपासून त्या काहीतरी वेगळंच बघत होत्या. रेहुलिना सकाळी कॉफी करायची, पेला खिडकीत ठेवायची आणि आत निघून जायची. मग तेरकेलिन यायचे आणि पेला उचलायचे. एका घरात राहून दोघं एकमेकांच्या पावलांचा कानोसा घेऊन चालायची. पट कपाटावर चढला तो खाली आला नाही. मध्ये पोरगी जकार्ताला निवड चाचणीला गेली आणि हरून आली. कोणी काही विचारलं नाही. रात्री जेवताना मलेमनी तिला माशाचा डोक्याकडचा तुकडा वाढला, तर ती ताटावर वाकून रडली. लग्न करून आपण पोरीला घरात घेतलं आणि तिचे आतोबा तिच्यापासून तोडले, असं तेव्हा मलेमना वाटलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"सेटिया," त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "समोरासमोर नको ना? मग पाठीला पाठ लावून बसवा."

"काय?"

"तू आणि मी लहान असताना बाबा आपल्या आईच्या आईशी कसे बोलायचे? तोंड फिरवून, मध्ये एक माणूस ठेवून. बोलायचे ना? मग खेळताना काय बिघडलं? ह्यांचं तोंड तिकडे, तिचं इकडे. दोघांपुढे एकेक पट. खेळी सांगायला मध्ये कोणीतरी."

खोली एकदम जिवंत झाली.

"आई!" उकुर ओरडलाच. "आई, तू तर..."

"अरे खांबा," मूसाही उत्साहात म्हणाला, "आईंना सांग, लाखमोलाचं बोलल्या!"

सेटियामामा बराच वेळ गुडघ्यावर बोटं वाजवत राहिले. ते हट्टी होते, पण लबाड नव्हते. "यात बोट ठेवायला जागा नाही," शेवटी ते म्हणाले. "पाठमोरं बसणं म्हणजे मान राखणंच झालं. उलट पाहुण्यांना कळेल, की इथली माणसं खेळातसुद्धा रीत सोडत नाहीत. माझी हरकत नाही."

"झालं तर!" उकुर उठलाच. "मी गावच्या सभामंडपात, जांबुरमध्ये, खुर्च्या मांडायला सांगतो."

"मी खेळणार नाही," तेरकेलिन म्हणाले.

उकुर अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"बाबा, मामांनी हो म्हटलंय."

"ऐकलं मी. मी नाही म्हणतोय."

"पण का?"

"रीत ती रीत. पाठ फिरवली म्हणून ती सून व्हायची थांबते का?"

"बाबा, रीत तुम्ही मला शिकवताय?" उकुरचा तोल गेला. "चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावर प्यादी हलवणारे तुम्ही! मयताच्या घरी पट मागणारे तुम्ही! तुम्हाला आजच रीत आठवली?"

"उकुर!" मामांनी दटावलं.

"नाही मामा, बोलू द्या मला. सगळं गाव कामाला लागलंय. पताका लागल्या, रस्ते धुतले. आणि माझ्याच घरात..."

तेरकेलिननी डोळे मिटून घेतले. ओरडू दे, ओरडून दमेल. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की हे सगळे आपापल्या घरी जावेत.

गेल्या वर्षी, हा फोटो काढला त्याच्या नंतर थोड्याच दिवसांनी, कॉफीच्या दुकानात त्यांनी आपला घोडा पुढे टाकला आणि समोरच्याची खेळी व्हायच्या आतच परत तोच घोडा उचलला. सगळे हसले. म्हातारा थट्टा करतोय, असं वाटलं त्यांना. तेरकेलिनही हसले. पण घरी येताना संत्र्याच्या बागेत ते उभे राहिले आणि त्यांना घाम फुटला, कारण पहिली खेळी केल्याचं त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग ते वाढत गेलं. पटाकडे बघावं, तर सोंगट्या म्हणजे नुसती लाकडं दिसायची. क्षणभर. मग पुन्हा जागेवर यायचं सगळं. त्यांनी कच्च्या खेळाडूंशीच खेळायला सुरुवात केली. कोणाला पत्ता लागला नाही. लागला असता तो एकाच व्यक्तीला. ती लहानपणापासून त्यांच्यासमोर बसत आली होती. त्यांनी श्वास कसा घेतला यावरून पुढची खेळी ओळखायची ती.

त्याच महिन्यात ते सेटियाच्या दारात गेले आणि बास्तांतासाठी रेहुलिनाला मागणी घातली. पोरांचं एकमेकांवर होतंच, तेव्हा सगळ्यांनी म्हातारा किती समजूतदार म्हणून कौतुक केलं. सून झाली, की ती समोर बसणार नाही. समोर बसली नाही, की तिला दिसणार नाही. एवढा एकच विचार होता त्यांच्या डोक्यात. आपण किती हलकट आहोत, हे त्यांना त्या दिवशीही कळत होतं.

"आत्या," कोपऱ्यातून रेहुलिनाचा आवाज आला.

ती इतका वेळ पाठ करून बसली होती, केळीच्या पानात खोबऱ्या-गुळाच्या पुड्या बांधत. आता तिने हात पुसले.

"आत्या, त्यांना सांगा, उद्याचं उद्या बघू. आज फक्त एक डाव. इथे, घरातल्यांपुढे. नाही रंगला तर उद्या जांबुरमध्ये मीच सांगेन, माझं पोट दुखतंय. समितीने मला शिव्या घालाव्यात, त्यांना नाही."

मलेमनी नवऱ्याकडे पाहिलं. सांगायची गरजच नव्हती, चार हातांवर तर बसले होते. तरी त्यांनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, रीत म्हणून.

"नाही," तेरकेलिन म्हणाले.

"भावोजी," सेटियामामा हळूच म्हणाले. मघाचा अधिकाराचा आवाज आता नव्हता. "एक डाव खेळा. मी मागतोय म्हणून."

झालं. मामाने मागितलं आणि घराने दिलं नाही, असं आमच्याकडे होत नाही. तेरकेलिन उठले.

उकुरने कपाटावरचा पट उतरवला. राखेचा थर होता, तो बाहीने पुसला. दुसरा पट मूसाने शेजारून आणला. दोन चटया, मध्ये मलेम.

"मला घोडा आणि गाढव यातला फरक कळत नाही," मलेम कुरकुरल्या. "दुसरं कोणी बसवा."

"आत्याच हव्यात," रेहुलिना म्हणाली. "आत्या, त्यांना सांगा, राजापुढचं प्यादं दोन घरं."

"राजापुढचं प्यादं दोन घरं!" मलेमनी बाजारात कोबी विकावा तसं ओरडून सांगितलं. सगळे हसले.

तेरकेलिननी आपल्या पटावर तिचं प्यादं सरकवलं आणि आपलं सरकवलं. बरं झालं, तिचं तोंड पलीकडे आहे. पण उकुर बघतोय. सेटिया बघतोय. ही सगळी पटावर वाढलेली माणसं, एक चुकीचा घोडा पडला की यांच्या कपाळाला आठ्या पडतील.

"सांग, तिच्यासारखंच," ते मलेमना म्हणाले.

तिचा घोडा आला. त्यांचा घोडा गेला. तिचा उंट. ते थांबले. पट आता लाकूड होणार, त्यांना वाटलं. आत्ता होणार. पण झालं नाही. हात आपणहून उंटाकडे गेला. पुढच्या खेळीलाही आपणहून गेला. त्यांना नवल वाटलं. सोंगट्या ओळखीच्या जागी जाऊन बसत होत्या. पाय आपल्या वाटेने आपोआप घरी येतात, तसं चाललं होतं.

"वा, बाबा!" उकुर पुटपुटला. "बघा मामा. आणि म्हणे खेळणार नाही!"

तिने हत्तीकडचं प्यादं एक घर पुढे टाकलं. विचित्र खेळी. कोणी शहाणा माणूस तिथे ते प्यादं हलवणार नाही.

तेरकेलिनचा हात हवेतच राहिला.

ही खेळी त्यांना माहीत होती. फ्रॉकमधल्या पोरीने, पुढचे दोन दात पडलेले असताना, हे प्यादं असंच उगाच पुढे टाकलं होतं, आणि त्यांनी विचारलं होतं, "हे का गं?" तर ती म्हणाली होती, "त्याला कंटाळा आला होता, आतोबा." तिचा पहिला पुरा डाव. त्यांनी तो तिला नंतर इतक्यांदा मांडून दाखवला होता, की दोघांना तोंडपाठ झाला होता. पहिल्या खेळीपासून तोच डाव चालू होता. ती त्यांना त्यातून हाताला धरून नेत होती.

नवीन डाव यांना झेपणार नाही. जुना झेपेल. हे तिला ठाऊक होतं.

आधी राग आला, सणसणून. मग तो कुठे गेला, ते कळलं नाही.

"मलेम," ते म्हणाले, "विचार तिला. कधीपासून?"

"कधीपासून काय?"

"तू विचार."

मलेमनी मान वळवली. "विचारतायत, कधीपासून?"

रेहुलिनाच्या पाठीवरची वेणी हललीसुद्धा नाही.

"आत्या, त्यांना सांगा, फोटो काढला त्या दिवसापासून. त्या दिवशी त्यांनी माझा उंट आपला समजून उचलला आणि परत ठेवला. फोटोवाल्याला वाटलं, मुद्दाम हात दाखवतायत."

उकुरच्या हातातली पुस्तिका खाली आली. सेटियामामांनी हळूच पगडीचं टोक सारखं केलं. हे मलेमना नवऱ्यापर्यंत न्यायचं होतं, पण जीभ उचलेना. ज्या माणसाच्या शेजारी त्या रोज निजत होत्या, त्याचं हे त्यांना आज, दुसऱ्याच्या तोंडून, स्वतः निरोप्या होऊन कळत होतं.

"विचार तिला," तेरकेलिनचा आवाज फाटला, "तरी लग्नाला हो कसं म्हणाली? सून झाल्यावर समोर बसता येणार नाही, हे माहीत नव्हतं का?"

मलेमनी विचारलं नाही. रेहुलिनाने ऐकलं होतंच.

"आत्या, सांगा, माहीत होतं. बास्तांता आवडत होता, ते आहेच. पण दुसऱ्या घरी गेले असते, तर यांच्याकडे वर्षातून एकदा, पाहुणी म्हणून आले असते. तोवर यांनी मला ओळखलं असतं की नाही, कोण जाणे. या घरात रोज सकाळी कॉफी तरी माझ्या हातची पितात. समोर नाही बसले, तरी घरात आहे ना." तिने वेणी पुढे ओढून घेतली. "सांगा त्यांना, मला लपवाछपवी नको होती. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. आठ महिने मला तसंच वाटलं."

तेरकेलिननी दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "तिला सांग," ते म्हणाले, "रागावलो नव्हतो. घाबरलो होतो. तिला मागणी घातली, तीसुद्धा घाबरूनच. हेही सांग. सगळं सांग."

"तुम्हीच सांगितलंत की," मलेम म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "गावभर ऐकू गेलं."

उद्याचे पाहुणे, खुर्च्या, पताका, सगळं उकुरच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्याला एकदम स्वतःची लाज वाटली. मघाशी आपण बापाला काय काय बोललो! "बाबा, उद्याचं राहू दे," तो म्हणाला. "मी सांगेन पाहुण्यांना. जाऊ दे ती स्पर्धा."

"का जाऊ दे?" तेरकेलिन म्हणाले.

"मध्येच तुम्ही..."

"मध्येच विसरलो तर? विचार तिला, मलेम. उद्या सगळ्यांसमोर विसरलो तर?"

"आत्या, सांगा, विसरले तर विसरू दे. मी थांबेन. फक्त घड्याळ लावायचं नाही."

"पण घड्याळाशिवाय..." सचिवाच्या सवयीने उकुर बोलून गेला. "रेहुलिना, ते लोक नियमवाले आहेत, ते म्हणतील..."

"उकुर," सेटियामामा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा देवाचा झाला होता. "घड्याळ लावायचं नाही. पाहुण्यांना सांग, इथे सासऱ्याची वेळ सून मोजत नाही. त्यावरून स्पर्धा त्या किनाऱ्यावाल्यांना गेली, तर जाऊ दे. समुद्र आहे त्यांच्याकडे, त्यात पोहतील."

मूसा दारात उभा राहून डोळे पुसत होता, हाताला हळद आहे हे विसरून. आणि मग चुरचुरलं म्हणून आणखीच रडत होता.

"चला," तेरकेलिन म्हणाले. "माझी खेळी आहे ना? माझीच आहे?"

"तुमचीच," मलेम म्हणाल्या.

त्यांनी पटाकडे पाहिलं. जुन्या डावात इथे त्यांचा वजीर मागे सरत होता. ते त्यांना लख्ख आठवत होतं. त्यांनी वजिराला बोट लावलं, आणि काढून घेतलं. मग वजिराकडचा उंट उचलला आणि पार दुसऱ्या टोकाला, तिच्या राजाच्या अंगावर नेऊन ठेवला.

मलेमनी खेळी सांगितली. उकुर आणि सेटियामामा दोघंही पटावर वाकले, पण ही चूक आहे की आणखी काही, ते त्यांना ठरवता येईना.

रेहुलिनाने उंट आपल्या पटावर ठेवला आणि ती बघतच राहिली. जुन्या डावात ही खेळी नव्हती. तिने एकदा हत्तीकडे हात नेला, परत घेतला. मग गुडघ्यांना मिठी मारून पुढे वाकली.

बाहेर बाजाराच्या गाड्या परतू लागल्या. स्वयंपाकघरातून मासा करपल्याचा वास आला. मूसा पळत आत गेला.

"अगं, सांग काहीतरी," मलेम अधीर होऊन म्हणाल्या. "मी किती वेळ अशी मध्ये बसू?"

"गप," तेरकेलिन मागे न वळता म्हणाले. "विचार करू दे तिला."